दुधातली साखर मोजताना

बोर्डीच्या पूर्वेला सात-आठ किलोमीटरवर बारडचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या लेण्यांना बाहरोट म्हणतात. डहाणू-तलासरी भागातल्या शाळांच्या सहली तिथे जातात आणि तिथली गोष्ट मुलांना तोंडपाठ असते. संजाणवर सुलतानाचे सैन्य चालून आले, तेव्हा पारशी लोक आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरात आले आणि बारा वर्षे त्यांनी तो इथे राखला. पुढे तो वांसद्याला, मग नवसारीला गेला आणि शेवटी १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. संजाण आज गुजरातेत असले, तरी ज्या उंबरगाव तालुक्यात ते येते तो १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. थोडक्यात, ही गोष्ट परक्या मुलखाची नाही.

या गोष्टीची डीएनएच्या साहाय्याने तपासणी करणारा एक शोधनिबंध जून २०१७ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वर चौबे, कुमारसामी थंगराज आणि त्यांचे भारतातले व भारताबाहेरचे अनेक सहकारी हे त्याचे लेखक. लेखकांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि संजाणच्या उत्खननात काम केलेले पुरातत्त्वज्ञ कुरुश दलाल हेही आहेत. निबंधाच्या शीर्षकाचा अर्थ ‘दुधातल्या साखरेसारखे’ असा होतो. तो प्रसिद्ध झाल्यावर ‘डीएनएने पारशांची कथा खरी ठरवली’ असा त्याचा बोलबाला झाला, आणि या विषयावर कोणी प्रश्न विचारला की आजही बहुधा तेच उत्तर मिळते. निबंध चांगला आहे, शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. पण त्याने जे सिद्ध केले आणि लोकांनी जे ऐकले, त्यांत बरेच अंतर आहे. हे अंतर पडायला काही अंशी निबंधही जबाबदार आहे. ते कसे, हे कळण्यासाठी आधी वाय गुणसूत्रावरच्या पुनरावृत्तींकडे वळले पाहिजे, कारण ‘बापाकडून आलेला पुरावा’ म्हणून जो सांगितला जातो त्याचा मोठा भाग या पुनरावृत्तींवर उभा असतो.

आपल्या पेशींतली बाकीची गुणसूत्रे पुढच्या पिढीत जाण्याआधी आपल्या जोडीदाराशी तुकड्यांची अदलाबदल करतात. वाय गुणसूत्राला जोडीदार नसतो. एक्सशी त्याची जी थोडी देवाणघेवाण होते ती फक्त टोकांना. मधला सारा भाग बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा जातो, आडनाव जावे तसा. हा भाग सगळ्यांत सारखाच राहिला असता तर त्यावरून काहीच कळले नसते. पण त्यात काही ठिकाणी चार-चार अक्षरांचे लहान क्रम ओळीने पुन्हा पुन्हा आलेले असतात. जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए असे दहा वेळा, अकरा वेळा, चौदा वेळा. प्रयोगशाळेत त्यांना एसटीआर म्हणतात. आपण त्यांना लघुपुनरावृत्ती म्हणू.

वारली घरात लग्नाचा चौक लिहिताना सुवासिनी त्याच्या किनारीवर एकच नक्षी ओळीने काढत जातात. समजा, एका चौकाच्या किनारीवर चौदा त्रिकोण आहेत आणि तो समोर ठेवून दुसरा चौक लिहायचा आहे. मधल्या देवीच्या आकृतीत चूक झाली तर लगेच डोळ्यांत भरेल. किनारीवर चौदाऐवजी पंधरा त्रिकोण पडले, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. डीएनएची प्रत करणाऱ्या विकराचे नेमके असेच होते. तेच ते पुन्हा आल्यावर त्याचा पाय घसरतो, आणि बापाच्या १४ पुनरावृत्तींच्या जागी मुलात १५ किंवा १३ होतात. शरीराला याने सहसा काही फरक पडत नाही, म्हणून तो बदल टिकतो आणि पुढच्या मुलांत जातो. अशा १५-२० जागा निवडून प्रत्येक जागेवरची पुनरावृत्ती मोजली की १४, २३, १०, ११, १३ अशी आकड्यांची एक माळ मिळते. दोन पुरुषांच्या माळा जितक्या जुळतील तितका त्यांचा समाईक पूर्वज अलीकडचा, हे यामागचे तत्त्व.

(जाता जाता एक गोष्ट. या जी-ए-टी-ए पुनरावृत्तींशी भारताचे जुने नाते आहे, आणि ते जोडले गेले पट्टेरी मण्यारीमुळे. लालजी सिंह यांना या सापाच्या मादीच्या लिंगगुणसूत्रावर एक पुनरावृत्त डीएनए सापडला. तसाच क्रम उंदराच्या वाय गुणसूत्रावरही एकवटलेला आढळला. पुढे हैदराबादच्या सीसीएमबीत याच क्रमाचा उपयोग करून त्यांनी भारतातले डीएनए-ठसे तंत्र उभे केले. प्रस्तुत निबंधाच्या लेखकांत त्यांचेही नाव आहे. निबंध आला त्याच वर्षी, डिसेंबरात, त्यांचे निधन झाले.)

माळेवरून नाते कळते, हे मान्य. पण काळ कसा कळतो? इथे घड्याळ लागते, आणि या घड्याळाबद्दल शास्त्रज्ञांतच एकमत नाही. मानफ्रेड कायझर आणि सहकाऱ्यांनी २००० साली बाप-लेकांच्या जोड्या प्रत्यक्ष तपासल्या. वाय गुणसूत्रावरच्या १५ जागा मिळून बापाकडून मुलाकडे जाण्याच्या सुमारे ५,००० प्रसंगांत त्यांना १४ बदल सापडले. म्हणजे एका जागी, एका पिढीत ०.००२८. लेव झिवोतोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००४ साली वेगळी वाट घेतली. रोमा आणि पॉलिनेशियन यांच्यासारख्या, ज्यांच्या स्थलांतराचा काळ इतर पुराव्यांवरून ठाऊक आहे अशा लोकांत प्रत्यक्षात किती वैविध्य साचले ते त्यांनी मोजले. त्यांचा वेग आला दर २५ वर्षांना ०.०००६९. बऱ्याच घराण्यांच्या पितृरेषा मधेच खुंटतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बदलही नाहीसे होतात, म्हणून हा वेग कमी भरतो.

याचा परिणाम काय होतो ते वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. दोन पुरुषांचा समाईक पूर्वज १,२०० वर्षांपूर्वी होऊन गेला असे धरा. ३० वर्षांची एक पिढी धरली तर प्रत्येक बाजूला ४० पिढ्या, दोन्ही मिळून ८०. सोळा जागा तपासल्या, तर पहिल्या घड्याळाप्रमाणे ८० × १६ × ०.००२८, म्हणजे साधारण ३.६ बदल दिसायला हवेत. दुसऱ्या घड्याळाप्रमाणे दर बाजूला २५ वर्षांचे ४८ टप्पे, दोन्ही मिळून ९६. ९६ × १६ × ०.०००६९ म्हणजे जेमतेम १.१. आता उलटे करा. दोघांच्या माळांत ३ बदलांचा फरक सापडला, तर पहिले घड्याळ सांगते सुमारे १,००० वर्षे, आणि दुसरे सांगते सुमारे ३,४००. एका उत्तराने आपण मध्ययुगात असतो, दुसऱ्याने हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळात. शिवाय १४ चे १५ होऊन परत १४ झाले तर तो बदल झालाच नाही असे दिसते, ही अडचण निराळीच.

हा केवळ फळ्यावरचा खेळ नाही. तात्याना झेर्याल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या सुमारे ८ टक्के पुरुषांत एकमेकांशी मिळत्याजुळत्या माळांचा एक पुंजका दाखवला. पुनरावृत्तींच्या घड्याळावरून त्याचे वय सुमारे १,००० वर्षे काढले आणि तो चंगीझखानाच्या घराण्याचा असावा असे सुचवले. जगभरच्या वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते! चंगीझखानाचा डीएनए कोणाकडेच नव्हता. पुढे २०१८ साली याच पुंजक्यातल्या गुणसूत्रांच्या सलग अक्षरक्रमावरून हिशेब पुन्हा केला गेला, तेव्हा त्याचे वय सुमारे २,६०० वर्षे निघाले. मूळ पुरुष चंगीझखानाच्या जन्माच्या दीड हजारांहून अधिक वर्षे आधीचा ठरला. पहिली बातमी आजही सांगितली जाते, दुसरी फारशी कोणाला माहीत नाही.

आता पारशांकडे येऊ. वाय गुणसूत्राच्या बाजूने त्यांचा पहिला मोठा अभ्यास २००२ सालचा. पाकिस्तानातल्या १२ समाजांच्या ७१८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवरच्या १६ लघुपुनरावृत्ती आणि १८ स्थिर खुणा कमर आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. त्यांत कराचीचे पारशीही होते, आणि त्यांच्या पितृरेषांचा कल इराणकडे दिसला. नंतरच्या अभ्यासांनी याला दुजोरा दिला. पारशांचे बापाकडचे नाते इराणशी आहे, ही गोष्ट आता वादातीत मानायला हरकत नाही. प्रश्न आहे तो, याहून अधिक काय म्हणता येते हा.

यासाठी घोलवडच्या चिकूच्या वाड्यांइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. समजा, शेजारशेजारच्या दोन वाड्यांचे मालक आहेत. एकाचे घराणे संजाणच्या पारशांपैकी. दुसरा इराणी, म्हणजे ज्याचे आजोबा-पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द-केरमानकडून आले असा. दोघेही जरथुश्त्री. दोघांच्या वाय गुणसूत्रांवरच्या आकड्यांच्या माळा जवळजवळ सारख्या निघू शकतात. दोघेही बापाकडून इराणी हे त्यावरून कळेल. पण एकाचे पूर्वज गलबतातून हजारेक वर्षांपूर्वी आले आणि दुसऱ्याचे आगगाडीच्या काळात, हे त्या माळांत कुठेच लिहिलेले नसेल. माळ सांगते ती दोन रेषा केव्हा फुटल्या ते, आणि तेही मघाशी पाहिलेल्या ढिल्या घड्याळाने. रेषा फुटली इराणात; समुद्र ओलांडला तो कितीतरी नंतर. घराणे फुटण्याचा काळ आणि स्थलांतराचा काळ यांची गल्लत ही या विषयातल्या लोकप्रिय लिखाणाची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती वर्तमानपत्रेच करतात असे नाही.

चौबे आणि सहकाऱ्यांना याची जाण आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी काळाचा अंदाज वाय गुणसूत्रावरून काढलेला नाही. बाकीच्या गुणसूत्रांत इराणी आणि भारतीय वारशाचे तुकडे किती लांब आहेत, किती कातरले गेले आहेत, त्यावरून दोन लोकांची सरमिसळ सुमारे १,२०० वर्षांपूर्वी झाली असे ते म्हणतात. ही रीत अधिक भरवशाची आहे. पण त्याच वर्षी लंडनच्या सायोआ लोपेझ आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हाच प्रश्न घेतला, आणि त्यांनी दिलेला काळ आहे इ. स. ६९० ते १३९०. म्हणजे सातशे वर्षांचा पट्टा. पारशी संजाणला केव्हा उतरले याबद्दल इतिहासकार ७१६, ७८५ आणि ९३६ अशी निरनिराळी साले सांगत आले आहेत. ही तिन्ही साले त्या पट्ट्यात आरामात बसतात. यातले कुठलेच साल डीएनएने निवडून दिलेले नाही आणि कुठलेच बादही केलेले नाही. मग ‘कथा खरी ठरली’ म्हणजे नेमके काय ठरले?

निबंधाचा खरा मोलाचा भाग माझ्या मते वेगळाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. संजाणला २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले, तेव्हा एक जुना दोखमा उघडला गेला. त्यात माणसांची हाडे होती. अशा २१ नमुन्यांमधला तंतुकणिकांचा डीएनए लेखकांनी वाचला. तंतुकणिका आपल्याला फक्त आईकडून मिळतात, तेव्हा ही मातृरेषा. वाय गुणसूत्राची ही दुसरी बाजू. या जुन्या नमुन्यांपैकी ४८ टक्के, म्हणजे २१ पैकी १०, मातृरेषा दक्षिण आशियातल्या निघाल्या. ज्यांच्या अस्थी पारशांच्या दोखम्यात धर्मविधीने ठेवल्या गेल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांची आई, आजी, पणजी अशी रेषा मागे जाता जाता या किनाऱ्यावरच्या किंवा आसपासच्या कोणा बाईपाशी पोहोचते. ही साधी गोष्ट नाही. पुनरावृत्ती मोजून आपण जन्मभर बापाकडच्या रेषेच्या गोष्टी सांगत राहिलो, तर ही बाई आपल्याला कधीच दिसणार नाही.

मात्र इथेच निबंधावर माझे तीन आक्षेप आहेत. हा डीएनए ‘सुरुवातीच्या वसाहतीच्या वेळी’ स्थानिक स्त्रिया समाजात सामावल्या गेल्यामुळे आला असावा, असे लेखक सुचवतात. ‘असावा’ हा सावध शब्द आहे खरा. पण दोखम्यातली हाडे पंधराव्या शतकाच्या आसपासची आहेत. म्हणजे लेखकांच्याच हिशेबाने वसाहतीनंतर सुमारे सहाशे वर्षांनंतरची. सहाशे वर्षांत वीस पिढ्या होतात. त्या स्त्रिया पहिल्या पिढीतच आल्या, की थोड्या थोड्या प्रत्येक शतकात येत राहिल्या, हे या हाडांवरून सांगता येत नाही. आणि २१ हा आकडा लहान आहे. २१ पैकी १० याचा सांख्यिकी अर्थ असा, की खरे प्रमाण पंचवीस-सव्वीस टक्क्यांपासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ही मर्यादा वर्गातही अनुभवता येईल: प्रत्येक मुलाला एक नाणे २१ वेळा उडवायला सांगा आणि कोणाला किती छापे पडले ते फळ्यावर मांडा. त्यातून एकाच दोखम्यात मायलेकी किंवा मावशी-भाचे असतील, तर ते नमुने एकमेकांपासून स्वतंत्रही नाहीत.

दुसरा आक्षेप मौनाबद्दल आहे. जुन्या हाडांतून मातृरेषाच वाचल्या गेल्या. वाय गुणसूत्र नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. एका पेशीत तंतुकणिकेच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात, वाय गुणसूत्राची एकच. उष्ण, दमट किनारपट्टीवर पाच-सहाशे वर्षांत डीएनएचे लहान लहान तुकडे होतात, आणि पुनरावृत्ती मोजायची तर ती सलग एका तुकड्यात यावी लागते. म्हणजे तिथल्या पुरुषांची पितृरेषा मोजणे कठीणच. पण परिणाम असा होतो, की आईची बाजू आपण त्या काळच्या माणसांत मोजतो आणि बापाची बाजू आजच्या माणसांत, आणि दोन्ही शेजारी ठेवून ‘इराणी पुरुष, भारतीय स्त्रिया’ असे वाक्य तयार करतो. मधल्या सहाशे वर्षांत एखादी स्थानिक पितृरेषा समाजात आली असेल आणि खुंटली असेल, तर ती आज दिसणार नाही. लहान समाजात रेषा फार भराभर खुंटतात. एखाद्या पाड्यावर दहा आडनावे असतील आणि कोणाला मुलीच झाल्या, कोणी निपुत्रिक गेले, तर काही पिढ्यांनी तीनच आडनावे उरतात. उरलेल्या सात घरांचे रक्त मात्र लेकींमार्फत पाड्यात वाहतच असते. वाय गुणसूत्राचा हाच न्याय आहे. तसेच आजच्या इराण्यांशी केलेली तुलनाही जपून वाचावी लागते. पारशी लोक आजच्या इराण्यांपेक्षा नवाश्मयुगीन इराण्यांना अधिक जवळचे दिसतात, कारण इराणात नंतर पश्चिमेकडून नवी सरमिसळ झाली, असे निबंधच सांगतो.

तिसरा आक्षेप भाषेचा. जदी राणाने काठोकाठ भरलेला दुधाचा पेला पाठवला आणि पारशी धर्मगुरूने त्यात साखर घातली, ही गोष्ट गोड आहे. पण ती ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये नाही. नवसारीच्या बहमन कैकोबाद याने १५९९ च्या सुमारास फारसी पद्यात लिहिलेल्या त्या ग्रंथात राजाच्या अटी आहेत: शस्त्रे टाकावीत, इथली भाषा बोलावी, बायकांनी इथला पोशाख करावा, लग्ने संध्याकाळी लावावीत. साखरेची गोष्ट नंतरच्या तोंडी परंपरेतली. शोधनिबंधाने ती शीर्षकात घेतली की तिला विज्ञानाचा शिक्का मिळतो. आणि त्या शीर्षकाखाली ‘स्त्रिया सामावल्या गेल्या’ हे वाक्य आले, की ऐकणाऱ्याच्या मनात एक सुखाचा संसार उभा राहतो. त्या स्त्रिया लग्न करून आल्या, विकत घेतल्या गेल्या, कामाला ठेवलेल्या होत्या, की दत्तक लेकी होत्या? यातले काहीही घडले असेल आणि तंतुकणिकांचा डीएनए प्रत्येक वेळी तोच दिसेल. डहाणू-तलासरीत हे बोलायला फार मागे जावे लागत नाही. जमीनदारांच्या वाड्यांवर वेठीला राबणारे लग्नगडी आणि त्यांच्या बायका यांच्या वाट्याला काय येत होते, ते गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्या जमीनदारांत अनेक जातिधर्मांचे लोक होते. विसाव्या शतकाचा हा इतिहास आपल्याला कळतो तो माणसांच्या साक्षींतून. गुणसूत्रात साक्ष नसते.

या साऱ्याचा शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा, की रेषा मोजण्याची ही हौस माणसांच्या हक्कांपर्यंत पोहोचते. पारशी कोण, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे पेटिट विरुद्ध जीजीभाई खटल्यात आला होता. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी १९०८ साली जी व्याख्या सांगितली तिच्यात मूळ स्थलांतरितांचे वंशज आले, इराणातून आलेले जरथुश्त्री आले, आणि पारशी बापाची परधर्मीय आईपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुले आली. पारशी आईची परधर्मीय बापापासून झालेली मुले आली नाहीत. पुढे परधर्मात लग्न केलेल्या वलसाडच्या एका पारशी महिलेला आई-वडिलांच्या अंत्यविधीला हजर राहता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये स्थानिक अंजुमनने तिला परवानगी देण्याची तयारी दाखवली. संजाणच्या हाडांतल्या दहा स्थानिक मातृरेषांचा निबंध त्याच वर्षीचा. तो न्यायालयात पुरावा म्हणून चालावा असे मी मुळीच म्हणत नाही. समाजाचे सदस्यत्व रक्ततपासणीने ठरू नये, या मताचा मी आहे. पण बापाच्या रेषेला ‘निसर्गाचा’ आधार आहे असे कोणी म्हणू लागले, तर त्याला दोखम्यातल्या त्या आया दाखवता येतात.

याच्या उलट्या टोकाचा प्रश्न तलासरीच्या आश्रमशाळेतला मुलगा विचारू शकतो: ‘सर, आम्ही वारली इथले मूळचे, हे डीएनएवरून सिद्ध होतं का?’ त्याला होय सांगू नये, नाहीही सांगू नये. वाय गुणसूत्र दहा पिढ्यांमागच्या १,०२४ पूर्वजस्थानांपैकी एकाच स्थानाची खबर देते. त्या एकावरून त्याच्या आजोबांच्या जमिनीचा फैसला होत नाही. २००६ चा वनहक्क कायदाही रक्त मागत नाही. आदिवासी दावेदाराला तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचा पुरावा मागतो, आणि तो पुरावा गावातल्या म्हाताऱ्यांच्या जबाबात, बांधात, विहिरीत आणि झाडांत सापडतो. आणखी एक सांगावेसे वाटते. उद्या कोणी संशोधक रक्ताचे किंवा थुंकीचे नमुने मागायला शाळेत आले, तर ते कशासाठी, निष्कर्ष कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगणार, हे मुख्याध्यापकांनी आधी विचारावे आणि आईबापांची संमती त्यांना समजेल अशा बोलीत घ्यायला लावावी. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

शेवटी पुनरावृत्तींकडेच परत येऊ, कारण त्यांची गोष्ट आता बदलते आहे. आतापर्यंत आपण ज्या लघुपुनरावृत्तींबद्दल बोललो त्या वाय गुणसूत्राच्या अथांग पसाऱ्यातल्या बोटांवर मोजण्याजोग्या जागा आहेत. त्याच्या लांब बाहूच्या टोकाकडे सुमारे साडेतीन हजार आणि चोवीसशे अक्षरांची दोन मोठी एकके शेकडो-हजारो वेळा आलटून पालटून येतात. वाचायला इतकी अवघड, की मानवी जनुकसंचाचा नकाशा ‘पूर्ण’ झाल्याचे दोनदा जाहीर होऊनही हा भाग कोराच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये एका वाय गुणसूत्राचा पहिला सलग क्रम आला: ६,२४,६०,०२९ अक्षरे, त्यातली तीन कोटींहून अधिक नव्याने वाचलेली. त्याच अंकात ४३ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांची तुलना होती. त्यांतले सर्वांत आखूड होते ४.५२ कोटी अक्षरांचे आणि सर्वांत लांब ८.४९ कोटींचे. म्हणजे दोन धडधाकट पुरुषांच्या एकाच गुणसूत्रात जवळजवळ दुपटीचा फरक, आणि तो बहुतांशी या पुनरावृत्तींमुळे. पाठ्यपुस्तकांत वाय गुणसूत्राचे एकच एक ठराविक चित्र छापले जाते, त्यात आता दुरुस्ती व्हायला हवी.

सलग क्रम वाचता आला की घड्याळासाठी पुनरावृत्तींवर अवलंबून राहावे लागणार नाही. एकेका अक्षराचे बदल अधिक सावकाश आणि अधिक नेमाने होतात. पारशी, इराणी आणि याच किनाऱ्यावरचे त्यांचे शेजारी, म्हणजे मच्छीमार, भंडारी, वारली, कोकणा, दुबळा, यांच्या वाय गुणसूत्रांचा असा सलग अभ्यास त्यांच्या संमतीने आणि एकाच वेळी झाला, तर घोलवडच्या त्या दोन वाडीवाल्यांच्या रेषा इराणात केव्हा फुटल्या ते निदान शंभर-दोनशे वर्षांच्या फरकाने सांगता येईल. समुद्र केव्हा ओलांडला हे त्यानेही कळणार नाही. त्यासाठी संजाणच्या हाडांकडे परत जावे लागेल, आणि या वेळी त्यांतल्या पुरुषांची वाय गुणसूत्रे वाचता येतात का ते पाहावे लागेल.